क्रूझवर दिवसाच्या जेवणाला काय घालावं: सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत

निघण्याआधी सहल कंपनीने दोन पानी पत्रक दिलं होतं. त्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘बोटीवर रेस्टॉरंटमध्ये फॉर्मल कपडे सक्तीचे. हाफ पॅन्ट, चप्पल चालणार नाही.’ या एका ओळीपायी बावीस जणांच्या गटातून अकरा ब्लेझर, तेवढेच चामडी बुटांचे जोड आणि काठापदराच्या साड्या सिंगापूरला गेल्या. ब्लेझर, पॅन्ट आणि बूट मिळून माणशी अडीच-तीन किलो वजन होतं. चार रात्रींत ब्लेझर एकदाच अंगावर चढला, रात्रीच्या जेवणाला, आणि तोही हौस म्हणून. सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, चारचा चहा, यातल्या कशालाही त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. उलट ज्या गोष्टींवरून दारातून परत पाठवतात त्यांच्याबद्दल पत्रकात एक अक्षर नव्हतं.

तेव्हा आधी नियम नीट समजून घ्या. पोशाखाचे निर्बंध सुरू होतात ते संध्याकाळी. क्युनार्डसारखी, पोशाखाबाबत कडक म्हणून ओळखली जाणारी कंपनीसुद्धा आपला नियम संध्याकाळी सहानंतर लावते. त्याआधी बुफेच्या दारातला माणूस फक्त तीन गोष्टी बघतो: कपडे कोरडे आहेत का, अंग झाकलेलं आहे का, पायात काही आहे का. हाफ पॅन्ट चालते, टी-शर्ट चालतो, साधी रबरी चप्पलही चालते. पोहण्याचा ओला कॉश्च्युम, उघडं अंग, अनवाणी पाय आणि बाथरोब चालत नाहीत.

दिवसा जेवायला दोन ठिकाणं असतात. बुफे वरच्या मजल्यावर, पोहण्याच्या तलावाला लागून. खाली मुख्य डायनिंग रूम, जिथे टेबलावर आणून वाढतात. बोट दिवसभर समुद्रात असेल त्या दिवशी दुपारी डायनिंग रूम उघडतात, बंदराच्या दिवशी बहुधा बंदच. तिथेही दुपारी गुडघ्यापर्यंतची नीट हाफ पॅन्ट आणि बाह्यांचा टी-शर्ट पुरतो. पुरुषांनी बिनबाह्यांचं बनियन घालून जाऊ नये, आणि वरून काही घातलं असलं तरी आत कॉश्च्युम घालून तिथे बसू नये.

पहिला दिवस सगळ्यात वाईट जातो, कारण त्या दिवशी तुमचे कपडे तुमच्याजवळ नसतात. मुंबईहून रात्रीचं विमान, साडेपाच तासांचा प्रवास, वर अडीच तास घड्याळ पुढे. सकाळी उतरून अकरा-बाराला मरीना बे क्रूझ सेंटरला पोचायचं. तिथे मोठ्या बॅगा हमालाच्या ताब्यात द्याव्या लागतात, आणि त्या केबिनच्या दाराशी येतात दुपारी तीन ते रात्री आठच्या मध्ये कधीही. केबिन उघडते एक-दीडला. बुफे मात्र बोटीवर पाय ठेवल्याबरोबर सुरू असतो. म्हणजे काल संध्याकाळी घरून निघताना घातलेली जीन्स आणि फुल शर्ट तसाच अंगावर, बाहेरच्या दमट उकाड्यात घामाने चिंब, आणि आत एसी बावीस अंशांवर. मुलं तलाव बघून हट्ट धरतात, आणि कॉश्च्युम हमालाने नेलेल्या बॅगेत.

यावर उपाय एकच, खांद्यावरच्या बॅगेत माणशी एक पूर्ण संच ठेवा. हाफ पॅन्ट किंवा लेगिंग, टी-शर्ट किंवा गुडघ्यापर्यंतचा कुर्ता, आतले कपडे, कॉश्च्युम, रबरी तळाची सँडल आणि एक पातळ स्वेटर. औषधं आणि चार्जर याच बॅगेत. विमानतळावरच तोंड धुऊन कपडे बदला, बोटीवर गेल्यावर बदलू म्हणून थांबू नका. रात्रीच्या जेवणाची पहिली पंगत साडेपाच-सहाला असेल तर मोठी बॅग त्याआधी येईलच याचा भरवसा नाही, म्हणून खांद्यावरच्या बॅगेत एक लांब पॅन्टही टाका.

आता तलाव ते बुफेचं दार. अंतर तीस-चाळीस पावलं, पण सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त मनस्ताप इथेच जातो. आमच्या गटातल्या सहा जणांना या दारातून परत फिरावं लागलं, त्यातले दोघे दोनदा. प्रकार दर वेळी सारखाच. मुलं पाण्यातून निघतात, भूक लागलेली असते, समोर बुफे दिसतो, बोटीचा टॉवेल कमरेला गुंडाळून सगळे निघतात. दारात नम्रपणे अडवतात. केबिन सहा-सात मजले खाली, साडेबाराला लिफ्टसमोर रांग, जाऊन-येऊन अर्धा तास. चिडून माणूस शेजारच्या दुकानात शिरतो आणि अंगावर घालायला चाळीस अमेरिकी डॉलरचा झगा घेतो. भारतीय पैशांत तीन हजारांच्या वर! तसाच झगा दादरला पाचशे-सहाशेत मिळतो. पुढे फुकेतच्या पाटोंग किनाऱ्यावर दीडशे-दोनशे बाथला, म्हणजे पाचशेच्या आसपास, कमरेला गुंडाळायची सरोंग मिळत होती. पण पहिल्या दिवशी ती माहिती कामाची नसते.

या गोंधळात टॉवेल खुर्चीवर राहतो. निळे टॉवेल केबिनच्या कार्डावर नोंदवून देतात. परत केल्याची नोंद झाली नाही तर आमच्या बोटीवर टॉवेलमागे पंचवीस डॉलर लागत होते. खुर्चीवरचा टॉवेल दुसऱ्या कोणी उचलला की तो तुमच्याच नावावर. आमच्यातल्या एका कुटुंबाला दोन टॉवेलांचे पन्नास डॉलर लागले, आणि शेवटच्या दिवशी काउंटरवर वाद घालून काही उपयोग झाला नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. पाण्यातून निघाल्यावर डेकवरच्या शॉवरखाली अंग धुवा. टॉवेलने नीट कोरडे व्हा. तलावाजवळच्या स्वच्छतागृहात कॉश्च्युम काढून कोरडे कपडे घाला. मग टॉवेल काउंटरवर द्या आणि कार्डावर नोंद झालेली डोळ्यांनी बघा. मग साबणाने हात धुवा. दारातल्या सॅनिटायझरवर विसंबू नका, बोटीवर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर तो फारसा चालत नाही. सगळं मिळून बारा-पंधरा मिनिटं लागतात. ओल्या कॉश्च्युमवर टी-शर्ट चढवणं ही पळवाट आहे आणि ती फसते. पाच मिनिटांत टी-शर्ट भिजून अंगाला चिकटतो, खुर्चीची गादी ओली होते, आणि पुढे त्या खुर्चीत दुसरं कोणी बसतं. अडवतात ते याच कारणासाठी, आणि ते बरोबरच आहे. पातळ रेयॉनची सरोंगही ओल्या कॉश्च्युमवर लगेच भिजते. टर्किश कापडाचा झगा पाणी शोषतो, पण स्वतः दोन दिवस वाळत नाही. पॉलिएस्टरचा सैल, गुडघ्याखाली जाणारा कफ्तान सगळ्यात सोयीचा. पुरुषांच्या पोहण्याच्या चड्डीला आतून जाळी असते, ती बराच वेळ ठिबकत राहते, म्हणून कोरडी हाफ पॅन्ट सोबत हवीच. हे सगळं नाडीच्या पिशवीत घालून तलावावर न्यायचं. पिशवी नसेल तर तलावावर जाऊच नका.

ओला कॉश्च्युम वाळवायची रीत: केबिनमधला टॉवेल जमिनीवर पसरा, त्यावर कॉश्च्युम सपाट ठेवा, गुंडाळी करा आणि तिच्यावर अर्धा मिनिट उभे राहा. पिळून निघत नाही एवढं पाणी यात निघतं. मग न्हाणीघरातल्या भिंतीतून ओढून काढायच्या दोरीवर टाका आणि दार किलकिलं ठेवा, एसीची कोरडी हवा आत जाते. नायलॉन-पॉलिएस्टर सकाळपर्यंत वाळतं, सुती कपडा शिवणीत ओला राहतो, जीन्स दोन दिवसांतही वाळत नाही. बाल्कनीच्या कठड्यावर काहीही टाकू नका. त्याला मनाई आहे आणि वारा ते समुद्रात नेतो. बोट वीस नॉट वेगाने जाते तेव्हा हवा पडलेली असली तरी डेकवर ताशी सदतीस किलोमीटरचा वारा लागतो. सैल स्कर्ट आणि बिनदोरीची टोपी या वाऱ्यात टिकत नाही, हे उघड्या डेकवर खायला बसताना लक्षात ठेवा.

सकाळच्या नाश्त्याला गाऊन घालून, वर ओढणी घेऊन बऱ्याच काकू-मावशी आल्या. घरच्या सवयीने हे होतं, पण बोटीवर गाऊन हा रात्रीचा पोशाख समजतात आणि बाथरोबसारखाच तो खाण्याच्या जागी चालत नाही. कोणी मोठ्याने बोलत नाही, बाजूला घेऊन सांगतात, आणि सगळ्यांसमोर ते फार लागतं. घरातल्या मोठ्या बायकांना आधीच सांगून ठेवा. लेगिंग आणि कुर्ता डोक्याशी काढून ठेवला की उठल्यावर दोन मिनिटांचं काम आहे. आजोबांचा लेंगा-सदरा चालतो, नुसता लेंगा-बनियन नाही.

साडी चालते, पण बुफेला ती त्रासदायक आहे. एका हातात ताट, दुसऱ्या हातात चिमटा, पदर सावरायला तिसरा हात नसतो आणि तो नेमका डाळीच्या भांड्यात जातो. नेसायचीच असेल तर सिंथेटिक साडी, पदर चुण्या करून खांद्यावर पिनने घट्ट आणि त्याचं टोक कमरेला खोचलेलं, निऱ्या घोट्याच्या वर. ओढणीचंही तेच. रुंद, झुलत्या बाह्या दिवसा घालू नका.

हळद हे दुसरं संकट. दुपारच्या बुफेत भारतीय भाज्या असतात आणि बोट हलते. डाग पडला तर लगेच साबण लावू नका. हळद साबणातल्या क्षाराने लाल होते आणि डाग जास्त दिसतो. गार पाण्याने धुवा, बाकीचं घरी जाऊन उन्हात. हळदीचा रंग उन्हाने उडतो. पांढरा कुर्ता रात्रीसाठी ठेवा, दुपारी गडद किंवा छापील कापड.

बोटीवरची लाँड्री नगावर पैसे घेते. साध्या शर्टाला आमच्याकडून सहा डॉलर घेतले, म्हणजे पाचशे रुपये, आणि त्याच दिवशी हवा असेल तर त्याच्या दीडपट. आपल्या इस्त्रीवाल्याकडे पाचशेत महिन्याभराचे कपडे होतात. स्वतःची इस्त्री नेता येत नाही, आगीच्या भीतीने ती चढतानाच काढून घेतात. उपाय असा की चुरगळणारं सुती आणि लिनन नेऊच नका. एखादा कुर्ता चुरगळलाच तर न्हाणीघरात टांगून दहा मिनिटं गरम शॉवर सोडा. केबिनच्या भिंती पोलादी असतात, म्हणून दोन चुंबकी हूक न्या, कपडे टांगायला फार उपयोगी पडतात.

पायात कोल्हापुरी नको. चामड्याचा तळ ओल्या डेकवर साबणासारखा घसरतो, आणि एकदा भिजलेली कोल्हापुरी बोटीवर वाळत नाही. मागे पट्टा असलेली रबरी तळाची सँडल घ्या. एकच जोड तलाव, बुफे आणि बंदर सगळीकडे चालतो.

एसीचं सांगून ठेवतो, बुफे थंड असतो आणि डायनिंग रूम त्याहून थंड. ओल्या केसांनी बसलेल्या मुलांना आणि सत्तरीच्या पुढच्यांना वीस मिनिटांत हुडहुडी भरते. पिशवीत पातळ शाल किंवा चेनचा स्वेटर असू द्या.

पेनांगला आमची बोट दुपारी लागली. अशा दिवशी दुपारच्या जेवणालाच देवळाचे कपडे घालून बसा, म्हणजे पुन्हा केबिनमध्ये जावं लागत नाही. आयर इताममधल्या केक लोक सी मंदिरात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. फुकेतचा दिवस छान गेला. पाटोंगला बोट खोल पाण्यात थांबते आणि छोट्या होड्यांनी किनाऱ्यावर नेतात. परत येताना पायाची वाळू किनाऱ्यावरच झटका, बाकी काही सांगण्यासारखं नाही.

चार रात्रींसाठी दिवसाचे कपडे माणशी एवढेच लागतात: दोन हाफ पॅन्ट किंवा लेगिंग, तीन टी-शर्ट किंवा कुर्ते, एक लांब पॅन्ट किंवा सलवार मंदिरासाठी, दोन कॉश्च्युम, म्हणजे एक वाळत असताना दुसरा घालता येतो, एक कफ्तान, एक स्वेटर, एक सँडल. रात्रीचे दोन संच वेगळे.

शेवटच्या सकाळी पुन्हा पहिल्या दिवसासारखीच अडचण येते. मोठ्या बॅगा आदल्या रात्री अकराच्या आत केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या थेट बंदरावर मिळतात. आमच्यातल्या तिघांनी सगळं भरून बॅगा बाहेर ठेवल्या आणि सकाळी अंगावर रात्रीचे कपडे, पायात केबिनच्या सपाता. त्या वेशात नाश्ता मिळत नाही, आणि केबिनही आठच्या सुमारास सोडावी लागते. बॅगेची चेन लावण्याआधी सकाळचे कपडे, सँडल आणि पासपोर्ट बिछान्यावर काढून ठेवा, शेवटच्या दिवसाचा ओला कॉश्च्युम प्लास्टिकच्या पिशवीत घालून हातातल्या बॅगेत टाका, आणि मगच मोठी बॅग दाराबाहेर न्या.