अनामत परत नेणारी बाई

आमच्या ठाण्यात मिसिंगचं टेबल माझ्याकडे आहे. चोवीस तास थांबायचा नियम फक्त मालिकांत असतो, आमच्याकडे नोंद लगेच घेतात. हरवलेलं माणूस अठराच्या आतलं असेल तर थेट अपहरणाचा गुन्हा. सज्ञान असेल तर गुन्हा नाही, नुसती नोंद: ‘कोणास काही एक न सांगता घरातून निघून गेली.’ मग वर्णन. बांधा, उंची, नेसणीस काय, अंगावरच्या खुणा.

हा नवरा नेसणीपाशीच अडकला. “ड्रेस असेल... नाहीतर साडी.” उंची? “माझ्या खांद्याला लागते.” शेवटी सोबत आलेल्या शेजारच्या काकूंनी सगळं सांगितलं. पिवळा कुर्ता, डाव्या भुवईवर व्रण, अगदी चपलेचा नंबरसुद्धा. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “मॅडम, बायकोनं काय घातलंय ते ठाऊक नाही. समजा काय ते.” यात समजण्यासारखं काही नव्हतं. या टेबलासमोर बसणाऱ्या बहुतेक नवऱ्यांना ते सांगता येत नाही. ते सगळे खुनी निघाले असते तर तुरुंग पुरले नसते.

सोसायटीनं मात्र बघता बघता कादंबरी रचली. फोन घरातच चार्जिंगला. महिन्यापूर्वी बाथरूमला नव्या लाद्या. नवरा रडत नाही. एका पोरानं पाण्याच्या टाकीपाशी उभं राहून रील काढलं. त्याचं एक वेळ सोडा, पण आमचे नवे पीएसआय साहेब? रात्री बेपत्ता बायकांच्या वेब सीरिज बघायच्या आणि सकाळी म्हणायचं, “लाद्या उखडून बघू या.” लादीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, “रंग बाईंनीच निवडला. काम चालू होतं तेव्हा चहापण त्याच द्यायच्या.” साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मी कपाट बघितलं. साहेब लोकांना या कामाचा कंटाळा, म्हणून ते माझ्या वाट्याला येतं आणि मला ते चांगलं जमतं. दागिने जागेवर होते. आधार कार्ड, बी. कॉम.च्या प्रमाणपत्रांची फाईल, चष्म्याचा जादा जोड आणि थायरॉईडच्या गोळ्या गेल्या होत्या. भांडून निघालेली बाई सहसा हाताला लागेल ती पर्स उचलते. प्रमाणपत्रं शोधून नेणारीला नोकरी करायची असते. खणात वाचनालयाचं कार्ड सापडलं, तशी तिकडे गेले.

ग्रंथपालबाईंनी वही काढली. पुस्तकं बहुतेक एकाच जातीची: सुखी दिसणारं घर, एक दिवस बायको गायब, संशय नवऱ्यावर. शेवटची नोंद ती गेली त्याच दुपारची. पुस्तक जमा, अनामत रक्कम परत, खाली सही. घात होणार असलेली बाई अनामत परत नेत नाही. ग्रंथपालबाई म्हणाल्या, “अहो, अगाथा ख्रिस्तीसुद्धा अशी गेली होती.” रहस्यकथा लिहिणारी ती इंग्रज लेखिका. डिसेंबर 1926. गाडी सरे परगण्यात सोडलेली, पोलीस तळ्यात शोधताहेत, वर्तमानपत्रं नवऱ्याकडे बोट दाखवताहेत. आणि बाई अकरा दिवसांनी सापडल्या हॅरोगेटच्या हॉटेलात, नवऱ्याच्या प्रेयसीचं आडनाव लावून राहिलेल्या. म्हणजे आमच्या सोसायटीला ही खोड लागली त्याला शंभर वर्षं होत आली.

बँकेला पत्र दिलं. सांगलीच्या एटीएममधून पैसे काढलेले निघाले. एका मेसचे हिशेब लिहीत होती. मला बघून घाबरली नाही, आधी जेवायला बसवलं. जबाब चार ओळींचा: मी सज्ञान आहे, स्वखुशीने घर सोडले आहे, माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही, माझा पत्ता पतीस देऊ नये. मारहाण? नाही. दुसरं कुणी? नाही. कागद घडी घालताना मी विचारलं, “ताई, एवढी तसलीच पुस्तकं का वाचायचात?”

“पहिली शंभर पानं वाचायचे फक्त. ती सापडायला लागली की मिटून टाकायचे.”

“का?”

“ती नसताना घर कसं चालतं ते बघायला. गॅसचं पुस्तक कुठंय, दूधवाल्याचे किती झाले, सगळे तिलाच शोधत असतात. आमच्याकडे मी असताना कुणी विचारलं नाही.”

हे जबाबात लिहिता येत नाही. तसा रकानाच नाही.

नवऱ्याला सांगितलं, सुखरूप आहे, पत्ता देता येणार नाही. तो बराच वेळ बसून होता. काकूंना सांगितलं तर त्या रागावल्याच. “म्हणजे यानं काहीच केलं नाही?” नवरा निर्दोष निघाला याचा इतका विरस मी कधी पाहिला नव्हता. आणि त्यांच्या प्रश्नाला मी अजून सरळ उत्तर देऊ शकत नाही. कायद्याच्या भाषेत काहीच केलं नाही, हे खरंच आहे.

तिनं जमा केलेलं पुस्तक मी वाचनालयातून आणलं. सवयीनं शेवटाकडून सुरुवात केली. ठीक आहे. त्यातला इन्स्पेक्टर चारशे पानांत एकही कागद लिहीत नाही.