मुळ्याचं बी, संत्र्याची साल

चिनी नववर्षाला शेजारच्या मावशींकडे जेवायला गेले होते. आग्रह अगदी आपल्या पंगतीसारखा! वाडगं रिकामं झालं की पुन्हा भरलेलंच. दुसऱ्या दिवशी पोट गच्च, करपट ढेकर, अन्नावरची वासनाच गेली.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या बाईंनी जीभ दाखवायला सांगितली. वरचा जाड, पिवळट थर बघून विचारलं, "काय काय खाल्लंस?" मग गरोदर नाही ना, हे दोनदा विचारून घेतलं आणि 'बाओ हे वान'ची डबी पुढे ठेवली. काळपट, मिरीएवढ्या गोळ्या.

मला हे औषध मनापासून आवडलं, ते त्यातल्या विचारामुळे. काय खाऊन पोट बिघडलं, तेच इथे आधी पाहतात. मांस-तुपकटासाठी शानझा हे आंबट लाल फळ, दारू आणि शिळ्या अन्नासाठी आंबवलेल्या पिठाची वडी, धान्य-पिठासाठी मुळ्याचं बी. जोडीला नागपुरी संत्र्याच्याच जातकुळीतल्या फळाची वाळवलेली साल. मूळ पाठात, म्हणजे औषधाच्या जुन्या कृतीत, शानझा 6 भाग, साल आणि मुळ्याचं बी 1-1 भाग. हे सगळं कुटून वाफवलेल्या पोळीच्या लगद्यात वळायचं आणि एका वेळी 70-80 गोळ्या साध्या गरम पाण्याबरोबर घ्यायच्या!

यातला बानशिया नावाचा कंद तर आपल्या अळू-सुरणाच्या कुळातला. कच्चा खाल्ला तर जीभ-घसा चरचरतो, विषारीच तो. आपण अळूला चिंच लावतो, हे लोक बानशियाला आलं आणि तुरटी लावून त्याची खाज मारतात. हे कळलं तेव्हा आजीचं अळूचं फदफदं आठवून डोळे भरून आले.

दोन दिवसांत मला उतार पडला. दुखणं रेंगाळलं असतं तर मात्र डॉक्टरच गाठले असते.

हा पाठ लिहिणारे वैद्य झू दानशी (1281–1358) मी राहते त्या चीनमधल्या यीवू शहराचेच. त्यांच्या आईला पोटाचं दुखणं होतं आणि सगळ्या वैद्यांनी हात टेकले होते. तिशीच्या या मुलाने स्वतःच वैद्यकाचा ग्रंथ उघडला. तीन वर्षांनी त्यातलं काही उमगलं, आणखी दोन वर्षांनी त्याच्याच औषधाने आई बरी झाली. त्यांची समाधी यीवूच्या दक्षिणेला, ची-आनमध्ये आहे. येत्या रविवारी मावशींबरोबर तिथे जाणार आहे.