मोरवा ते यवतमाळ, मे महिन्यात: थंड दिसणाऱ्या सिलिंडरवर विश्वास ठेवू नका

छोट्या विमानाने नागपूर ते चंद्रपूरजवळचं मोरवा हा टप्पा पहाटे उरकला तर सोपा आहे, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. खरा त्रास मोरवा ते यवतमाळ. वर्धा नदी ओलांडायची, वणीवरून पुढे जायचं, अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. यवतमाळ साडेचारशे मीटर उंचीवर आहे. पारा ४३ ला टेकला की तिथली हवा पाच हजार फुटांहून अधिक उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. दुपारी हा टप्पा करूच नये.

विमान चार सीटांचं, चार सिलिंडरचं लायकॉमिंग इंजिन, प्रत्येक सिलिंडर हेडला थर्मोकपल प्रोब (दोन वेगळ्या धातूंच्या वायरींचा सेन्सर, दोन टोकांच्या तापमानातल्या फरकावरून व्होल्टेज देतो), आणि आकडे दाखवणारा मॉनिटर केबिनमध्ये. वणीनंतरच्या चढाईत तीन सिलिंडर ४३० अंश फॅरनहाइटच्या आसपास, तीन नंबरचा मात्र ३६०. खाली उतरल्यावर सल्ला मिळाला तो असा: तीन सिलिंडर तापताहेत, चारही प्रोब बदला, मॉनिटरही बदला. साफ चुकीचा आणि महागडा सल्ला. ते तीन सिलिंडर खरं सांगत होते, खोटा होता तो तीन नंबरचा थंड आकडा.

प्रोब जे प्रकारचे होते: पांढरी वायर लोखंडाची, लाल कॉन्स्टंटनची (तांबं-निकेलचा मिश्रधातू). मॉनिटरपर्यंतची वायरही याच धातूंची लागते. तीन नंबरची वायर कधीतरी तुटली होती (हँगरमध्ये उंदीर असतील तर हे व्हायचंच) आणि कुणीतरी काउलिंगच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) आतून थेट पॅनेलमागपर्यंत साधी तांब्याची वायर ओढली होती. तांब्याचं एक टोक ८० अंश सेल्सिअसमध्ये, दुसरं केबिनच्या ४२ मध्ये. मधल्या ३८ अंशांचा हिशेब मॉनिटरला लागतच नाही, म्हणजे आकडा जवळपास ७० फॅरनहाइटने कमी दिसतो. दोन्ही टोकं सारख्याच तापमानात असती तर काही बिघडलं नसतं.

हा दोष नेहमीच्या तपासण्यांत सापडत नाही, म्हणून इतका घातक. पहाटे, ऊन पडायच्या आधी मॉनिटर लावला तर चारही आकडे दोन-तीन अंशांच्या आत जुळतात, कारण इंजिन आणि केबिन सगळं एकाच तापमानाला असतं. मीटरवर वायर अखंड दिसते. प्रोब काढून उकळत्या पाण्यात धरला तरी आकडा बरोबर येतो (यवतमाळच्या उंचीवर पाणी ९८.५ सेल्सिअसच्या आसपास उकळतं, म्हणजे २०९ फॅरनहाइट), कारण तांब्याच्या वायरीचा जोड तेव्हा थंडच असतो. उन्हात काउलिंग उघडून तीन तास गेले ते या सगळ्यात.

पकडायचं कसं? पहिलं, चुंबक. जे प्रकारची पांढरी वायर चुंबकाला ओढली जाते, तांबं नाही. प्रोबपासून पॅनेलपर्यंत चुंबक फिरवत जा, ओढ जिथे संपेल तिथे जोड आहे. दुसरं, थर्मासमधलं गरम पाणी जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून ती जोडाला गुंडाळा. आकडा ढळायला नको. तो खाली घसरला तर निकाल लागला.

प्रोबच खराब असेल तर लक्षणं वेगळी. उकळत्या पाण्यात प्रोब, मीटरचं टोक ४० अंशांच्या हवेत असेल तर जे प्रकाराला तीन मिलिव्होल्टच्या जरा वर आणि के प्रकाराला (थर्मोकपलचा दुसरा प्रकार) २.४ च्या आसपास मिळायला हवं. गरम होताना आकडा उतरत असेल तर वायरी उलट जोडल्या आहेत. रेडिओचं बटण दाबलं की आकडा उडत असेल तर अर्थिंग किंवा शिल्डिंग पाहा. क्षणात शंभर अंशांची उडी म्हणजे बहुधा सैल जोड, इतकं धातू एका क्षणात तापत नाही. पण सेकंदाला एक-दोन अंशांनी एकच सिलिंडर चढत राहिला तर ते खरं समजा: पॉवर कमी करा, मिक्स्चर रिच करा (हवेच्या मानाने इंधन वाढवा), नाक खाली घ्या, उतरा. हवेत असताना सेन्सरवर संशय घ्यायचा नाही, तपास जमिनीवर.

वायर बदलल्यावर चारही सिलिंडर ४३० दाखवतात, म्हणजे इंजिन खरंच तापतं. लायकॉमिंगची मर्यादा ५०० आहे, तरी ४०० च्या वर फार वेळ चढू नये. चढताना वेग ७५ ऐवजी ९० नॉट ठेवा. बॅफलच्या (हवा सिलिंडरांकडे वळवणाऱ्या पत्र्यांच्या) रबरी पट्ट्या मुडपलेल्या नाहीत ना ते बघा, आणि प्रोपेलरमागच्या फटींत टॉर्च मारा. विमान आठवडाभर उभं राहिलं की कुंभारीण माशी कूलिंग फिन्समध्ये मातीची घरं करते, आणि ती तापणूक कुठलाही प्रोब बदलून जाणार नाही.

सोबत घ्या: छोटं चुंबक, मल्टिमीटर, प्रोबच्याच प्रकारची मीटरभर एक्स्टेंशन वायर, रिंग टर्मिनल, स्लीव्ह, थर्मास. वायर इग्निशन लीडपासून लांब बांधा. तपास पायलटने करावा, पण दुरुस्तीनंतर परवानाधारक एएमईची (विमान देखभाल इंजिनिअरची) सही झाल्याशिवाय उडायचं नाही. त्याला नागपूरहून बोलवायचं तर गाडीभाडं आणि मुक्काम आपल्याकडे, म्हणून बोलावण्याआधीच जोड शोधून फोनवर सांगा, म्हणजे तो नेमकी वायर घेऊन येईल. अ‍ॅव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) वाटेत मिळेल असं धरू नका. परतीला सकाळी साडेसातच्या आत चाकं उचला.