सांतियागोला पोचल्यावर पाहायचे दगड

स्पेनमधली पायी यात्रा जिथे संपते त्या सांतियागो दे कोम्पोस्तेलाला पोचलं की आधी पाठीवरची सॅक आणि काठ्या जमा करायच्या. त्या घेऊन कॅथेड्रलमध्ये, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चमध्ये, जाता येत नाही. यात्रा पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रासाठी पायी किमान १०० किलोमीटर आणि त्या टप्प्यात यात्रेकरूच्या वहीत रोज दोन शिक्के लागतात. ते काम पोचल्याच दिवशी उरकावं. कॅथेड्रलचं संग्रहालय दुसऱ्या दिवशी, कारण तिथे जिने फार आणि टाचांवरचे फोड तोवर ठणकतच असतात.

पोर्तिको दे ला ग्लोरिया म्हणजे कॅथेड्रलचं मूर्तींनी भरलेलं जुनं प्रवेशद्वार. त्याचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं, ते आधीच काढावं. आत फोटो काढू देत नाहीत, आणि ते बरंच आहे. शिल्पकार मास्टर मातेओच्या या दारावरची तुळई १ एप्रिल ११८८ ला बसवली, तसा लेख तिच्यावरच कोरलाय. वर कमानीत बायबलमधले चोवीस वृद्ध बसलेत, बरेचसे वाद्यं जुळवताना. मधोमध दोघांच्या मांडीवर मिळून एक ऑर्गॅनिस्ट्रम, दोघांनी वाजवायचं तंतुवाद्य. एकानं दांडा फिरवायचा, दुसऱ्यानं सूर धरायचा. वाजवायला अजून सुरुवात झालेली नाही, तरी तिथून पाय निघत नाही.

माझं लंगडणं बघून तिथल्या रखवालदार बाईंनी काही न बोलता आपली खुर्ची पुढे सरकवली. बसल्यावर नजर खाली गेली, म्हणून खांबांच्या पायथ्याचे जबडे वासलेले प्राणी दिसले. उभं राहून सगळे वरच बघतात. बसूनच बायबलमधल्या दानिएल प्रेषिताच्या मूर्तीकडेही पाहिलं: ओठांच्या कोपऱ्यात हसू, गालावर अजून रंगाची छटा. ओल आणि तिच्यासोबत वर येणारे क्षार यांनी हे रंग सुटत चालले होते. वर्षानुवर्षं चाललेलं जतनाचं काम २०१८ मध्ये पूर्ण झालं.

मधल्या खांबावर मात्र चीड आली. शतकानुशतकं यात्रेकरूंनी हात टेकवून तिथे पाच बोटांचे खळगे पाडलेत, आणि आता हात लावायला मनाई! एवढं चालून यायचं आणि लांबूनच बघायचं? पण दगड किती आत गेलाय ते नीट पाहिलं आणि वाद घालावासा वाटेना.

संग्रहालयात मातेओच्याच दगडी कॉयरचे, म्हणजे चर्चमधल्या धर्मगुरूंच्या बैठकांचे, जुळवलेले अवशेष आहेत. इसवी सन १२०० च्या सुमाराचं हे काम सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पाडलं आणि दगड जिथे लागतील तिथे वापरले. कॅथेड्रलच्या पवित्र दाराच्या दोन्ही बाजूंच्या मूर्ती त्यातल्याच. बाहेर रांगेत उभं असताना त्या आधी बघून घ्याव्यात, म्हणजे आतले तुकडे लगेच ओळखू येतात. गोयाच्या चित्रांवरून विणलेले पडदेही आहेत, सुंदर आहेत. मी त्यांच्यापाशी फार थांबले नाही.

कॅथेड्रलचीच बाराव्या शतकातली कोडेक्स कॅलिक्स्टिनस ही पोथी २०११ मध्ये चोरीला गेली, २०१२ मध्ये सापडली. तिच्या पाचव्या भागात यात्रेच्या वाटेची माहिती आहे: नद्या, गावं, कुठे काय टाळायचं. त्यात म्हटलंय, वाटेवरच्या लोर्का गावाजवळच्या खाऱ्या नदीचं पाणी स्वतः पिऊ नका, घोड्यालाही पाजू नका. काठावर माणसं घोडं मरायची वाट बघत, त्याचं कातडं सोलायला सुऱ्या परजून बसलेली असतात. त्याच नदीवरचा पूल ओलांडून आले होते मी, उन्हानं आणि पायानं इतकी वैतागलेली की नदीकडे पाहिलंसुद्धा नाही.

यात्रेचा इतिहास हवा असेल, तर प्लाथा दे लास प्लातेरिआसमध्ये यात्रेचं वेगळं संग्रहालय आहे. त्याला निम्मा दिवस ठेवावा, कॅथेड्रलच्याच दिवशी कोंबू नये.