लंगडं चाक आणि आमचं छोटं लेथ मशीन

कॉलेजात रोबो बनवणाऱ्या पोरांसाठी आम्ही लेथ, म्हणजे जॉब (कामाचा तुकडा) फिरवून टूलने कापणारं मशीन, घेतलं. त्याची सुरुवात एका भोकापासून झाली. मोटरचा शाफ्ट 6 मिलिमीटरचा आणि त्यावर बसणाऱ्या हबचं (चाकाच्या मधल्या तुकड्याचं) भोक पोरांनी हँड ड्रिलने पाडलेलं. ते किंचित तिरकं गेलं आणि रोबोचं डावं चाक लंगडायला लागलं. प्रोग्रॅम लिहिणारी मुलं आठवडाभर सेन्सरला शिव्या देत होती. शेवटी मी रोबो उलटा केला, चाकाला हाताने गरका दिला, तेव्हा सगळे गप्प.

छत्रपती संभाजीनगरात राहून लेथवर काम करून मिळेना म्हटलं तर लोक हसतील. वाळूज घ्या, चिकलठाणा घ्या, गल्लोगल्ली मशीन शॉप. पण हजारोंची ऑर्डर चालू असताना आमच्या एका हबसाठी सेटिंग कोण मोडणार? "सर, तुमचा एक नग कुठं लावू सांगा," असं एकाने हात जोडूनच विचारलं. त्याचंही बरोबरच होतं. मग कॉलेजकडून 1 लाख 20 हजार मंजूर करून घेतले आणि मशीन शोधायला निघालो. सोबत शेजारचे मामा. तीस वर्षं टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा कारागीर म्हणून काढलेला माणूस.

माझा जीव आधी जुन्या साडेचार फुटी लेथवर. ओतीव बेड (ज्यावर सगळे भाग बसतात तो पाया), दणकट, आणि बजेटमध्ये बसणारं. बंद पडलेल्या एका शॉपमध्ये तसं मशीन होतं, वर नवा रंगही मारलेला. मामांनी रंगाकडे बघितलंच नाही. चकजवळच्या (जॉब धरणाऱ्या पकडीजवळच्या) बेडवरून नख फिरवलं. "इथं बगा सर, नख अडकायलंय." मग कॅरेज, म्हणजे टूल धरून बेडवर सरकणारा भाग, चकजवळ आणून तिथली ढिलाई जाईपर्यंत जिब (कॅरेज घट्ट करायची पट्टी) आवळली आणि कॅरेज टेलस्टॉककडे, म्हणजे जॉबच्या दुसऱ्या टोकाला टेकू देणाऱ्या भागाकडे, ढकलली. अर्ध्यात जाऊन अडकली. सगळं काम चकजवळ होतं, त्यामुळे बेड तिथेच झिजतो. दुसरं टोक कोरं राहतं. तिथली ढिलाई काढायला जावं तर इकडे जाम. शिवाय मशीन थ्री फेजवर चालणारं, वजन अर्ध्या टनाच्या घरात आणि आमची खोली पहिल्या मजल्यावर, सिंगल फेजची. विषय संपला.

उरलं टेबलावरचं मिनी लेथ, ज्याला दुकानदार 'सात बाय चौदा' म्हणतात. म्हणजे बेडवर साधारण 180 मिलिमीटर व्यासाचा जॉब फिरतो आणि दोन सेंटरमध्ये (दोन टोकांच्या टेकूंमध्ये) 350 मिलिमीटर लांबीचा मावतो. मात्र या 180 वर भाळू नका. टूल आडवं सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडच्या वर जेमतेम 110 मिळतात. आमचं सगळ्यात मोठं चाक 100 चं, म्हणून निभावलं. चक फिरवणाऱ्या स्पिंडलचं आरपार भोक 20 मिलिमीटर. वजन चाळीस किलोच्या आसपास, दोन पोरं उचलून वर नेतील.

दुकानदाराने मशीन रिकामं फिरवून दाखवलं. रिकामं तर कुठलंही मशीन छानच फिरतं. मामांनी पिशवीतून 25 मिलिमीटरचा माइल्ड स्टीलचा रॉड काढला. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने मिनिटाला 25 मीटर कटिंग स्पीड धरला तर या व्यासाला 318 आरपीएम (मिनिटाला फेरे) येतात. दुकानदाराने गिअर 'हाय'लाच ठेवून नॉबने वेग खाली आणला. अर्धा मिलिमीटर कट घेतला आणि मोटर कण्हून थांबली. त्याचा चेहरा पडला. मामांनी लिव्हर 'लो'वर टाकला, नॉब वाढवून तोच वेग धरला, तोच कट दिला. कीस वेटोळी घेत सुटला. नॉबने वेग उतरवला की मोटरची ताकदही उतरते. गिअरने उतरवला तर स्पिंडलला जोर उलट जास्त मिळतो. आता पोरांना पहिल्या दिवशी आम्ही हेच करून दाखवतो.

आतले काही गिअर प्लॅस्टिकचे आहेत म्हणून पुष्कळ लोक नाक मुरडतात. मला ते पटत नाही. नवशिक्या पोराने कॅरेज चकवर नेऊन आदळली तर आधी प्लॅस्टिकचे दात जावेत, स्पिंडल वाचावा. फक्त स्पेअर सेट हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. हँडलवरच्या डायल इंची आहेत की मेट्रिक तेही बघून घ्या.

खरी फजिती मशीन खोलीवर आणल्यावर झाली. अँगलचं टेबल वेल्ड करून घेतलं, मशीन बोल्टांनी करकचून आवळलं आणि चाचणीला ॲल्युमिनियमचा रॉड लावला. टेलस्टॉकचा टेकू न देता, 100 मिलिमीटर अंतरावर दोन कड्या एकाच सेटिंगवर टर्न केल्या (टूलने गोल कापल्या). मायक्रोमीटरने मोजलं तर व्यासात 0.09 मिलिमीटरचा फरक. दुकानात हाच फरक 0.02 होता. मी दुकानदाराला फोन लावणार, तेवढ्यात मामा खाली वाकून टेबलाचे पाय बघायला लागले. वेल्डिंगमध्ये टेबलाला पीळ बसला होता आणि बोल्ट आवळताना तोच पीळ बेडला लागला होता. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा, साधारण 0.1 मिलिमीटरचा, कापून मशीनच्या एका पायाखाली सरकवला. पुन्हा आवळलं, पुन्हा मोजलं. दोन पट्ट्या झाल्यावर 0.02 वर आलो.

लाइटच्या लपंडावाने स्पीड कंट्रोलचं कार्ड जाऊ नये म्हणून स्टॅबिलायझर घेतला, तो खर्च आधी धरला नव्हता. हातमोजे, ओढणी, मोकळ्या बाह्या मशीनजवळ बंद. चकची किल्ली चकमध्ये विसरली की त्या दिवशी त्या पोराचं मशीन बंद, मग तो कितीही हुशार असो.

पहिला हब दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने केला. बाहेरून टर्निंग, ड्रिल, मग भोक नेमक्या मापाचं करणारा रीमर, सगळं एकाच पकडीत, कारण तीन जबड्यांच्या चकमधून जॉब काढून परत धरला की सेंटर हललंच म्हणून समजा. चाक बसवलं, ते किती लंगडतं हे दाखवणारा डायल लावला, काटा जेमतेम हलला.

पार्टिंग, म्हणजे जॉब टूलने कापून वेगळा करणं, मात्र अजून जमत नाही. टूल लावलं की जॉब किंचाळतो. सध्या हॅक्सॉने कापतो आणि मग फेसिंग मारतो, म्हणजे टोक सपाट करतो.