समुद्र समोर आहे, तरी सुशी कुठे खावी?

समुद्रकाठच्या शहरात चांगली सुशी आणि एकूणच चांगलं जपानी जेवण कुठे मिळेल, हे मला फार जण विचारतात. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एखाद्या रेस्टॉरंटचं नाव हवं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते, पण नाव सांगणार नाही. सुशीचं दुकान काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाच्या हातावर चालतं. तो माणूस दुसरीकडे गेला की पाटी तीच राहते आणि चव जाते. म्हणून जागा कशी ओळखायची ते सांगते. ते कुठल्याही शहरात उपयोगी पडेल.

आधी एका समजुतीबद्दल बोलायला हवं. समोर समुद्र, म्हणजे मासा ताजा, म्हणजे सुशी उत्तम, असं बहुतेकांना वाटतं. कच्च्या माशाचं गणित मात्र वेगळं आहे. समुद्रातल्या अनेक माशांच्या शरीरात ॲनिसाकिस नावाच्या कृमीच्या अळ्या असतात आणि मासा कितीही ताजा असला तरी त्या असतातच. त्या मारायच्या तर मासा शिजवावा लागतो किंवा खूप थंड करावा लागतो. कच्च्या खायच्या माशासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मार्गदर्शक तत्त्वं उणे २० अंश सेल्सिअसला ७ दिवस, किंवा उणे ३५ अंशांना कडक गोठवून त्याच तापमानात १५ तास असं सांगतात. घरचा फ्रीझर साधारण उणे १८ अंशांपर्यंतच जातो, त्यामुळे बंदरावरून आणलेला मासा घरी गोठवून कच्चा खाण्याच्या फंदात पडू नका. ट्यूना आणि बांगड्याच्या जातीच्या माशांत आणखी एक धोका असतो. पकडल्यापासून ते थंड ठेवले गेले नाहीत तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते नंतर गोठवून किंवा शिजवूनही जात नाही. म्हणजे किनारा किती जवळ आहे यापेक्षा बोटीपासून काउंटरपर्यंत बर्फ आणि थंडावा कुठे तुटला का, हे महत्त्वाचं. उत्तम ट्यूना पुष्कळदा दूरच्या समुद्रात पकडून उणे ६० अंशांच्या आसपास गोठवलेला असतो. ‘गोठवलेला’ हा शब्द ऐकून नाक मुरडू नका.

चवीच्या बाजूनेही तेच. नुकताच मारलेला मासा चिवट लागतो आणि त्याला फारशी चवही नसते. मासा मेल्यानंतर त्याच्या स्नायूंतल्या ऊर्जेच्या रेणूचं हळूहळू विघटन होऊन इनोसिनिक आम्ल तयार होतं, आणि आपल्याला जो भरलेला, तोंडात रेंगाळणारा स्वाद हवा असतो तो त्यातून येतो. म्हणून जाणकार शेफ पांढरा मासा एखादा दिवस मुरू देतात, मोठ्या ट्यूनाला त्याहून जास्त वेळ देतात. आजची निगिरी, म्हणजे हाताने वळलेल्या भाताच्या घासावर माशाचा काप ठेवलेली सुशी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, रूढ झाली. ते शहरही समुद्रकाठचंच. पण तिथे मासा सरळ पाण्यातून उचलून भातावर ठेवत नव्हते. कोहादा हा छोटा चंदेरी मासा मिठात आणि व्हिनेगरमध्ये मुरवायचे, ट्यूना सोया सॉसमध्ये ठेवायचे, समुद्री वाम शिजवून मऊ करायची. थंड ठेवायची आजची साधनं नव्हती, म्हणून कसब होतं. तेच कसब मी आजही शोधते. दाराशी मांडलेली माशांची टोपली बघून मी कधीच निर्णय घेत नाही.

माझा पहिला निर्णय भातावर होतो. हे ऐकून लोक जरा निराश होतात, पण माझ्या मते सुशीचा निम्म्याहून जास्त भाग भातच आहे. आखूड दाण्याचा, शिजल्यावर एकमेकांना धरणारा तांदूळ लागतो. तो शिजला की लाकडी पसरट भांड्यात काढून व्हिनेगर, मीठ आणि थोडी साखर घालून उलथण्याने कापल्यासारखा हलवतात आणि वाऱ्यावर निववतात. वाढताना तो अंगाइतका कोमट हवा. फ्रीजमध्ये ठेवलेल्या भातातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो, दाणा कडक आणि रवाळ होतो. दुकानातल्या थंड कपाटातल्या डब्यातली सुशी कितीही सुंदर दिसली तरी तिथेच हरते. चांगली निगिरी बोटांत धरून राहते आणि जिभेवर टेकताच सुटते. प्रत्येक दाणा वेगळा कळतो. भात दाबून विटेसारखा केला असेल तर वरच्या माशाची किंमत कितीही असो, मी दुसऱ्यांदा जात नाही.

नव्या जागी मी अंड्याचा तामागो हमखास मागवते. पातळ थर एकावर एक गुंडाळत तो करायला वेळ आणि लक्ष लागतं, आणि बाहेरून तयार आणलेला असेल तर पहिल्या घासात कळतं. दुसरं म्हणजे शेफला विचारते, आज काय चांगलं आहे? ‘सगळंच चांगलं आहे’ या उत्तरावर माझा भरवसा बसत नाही. ‘आज स्कॅलप (एक शिंपला) घेऊ नका’ असं सांगणारा शेफ भेटला की मी निश्चिंत होते. आत शिरल्यावर मासळीचा वास येता कामा नये. नोरी, म्हणजे रोलभोवतीचा वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा कागदासारखा पापुद्रा, कुरकुरीत हवी, म्हणून हातात दिलेला रोल फोटो काढत न बसता लगेच खावा. वासाबीवरून फार पारख करू नका. जपानबाहेर मिळणारा बहुतेक हिरवा गोळा हॉर्सरॅडिश, मोहरी आणि रंग यांचा असतो. खरी वासाबी किसल्यावर काही मिनिटांतच तिचा दरवळ उतरू लागतो, त्यामुळे कुणी समोर किसून देत असेल तर तो मान समजा.

आता जागेबद्दल. समुद्र दिसणाऱ्या टेबलाचे पैसे ताटातून वसूल होतात, म्हणून मी किनाऱ्याकडे पाठ करून शोधायला सुरुवात करते. नोकरीनिमित्त आलेली जपानी कुटुंबं कुठे राहतात, जपानी कंपन्यांची कार्यालयं कुठे आहेत, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट), नोरी आणि जपानी तांदूळ विकणारं किराणा दुकान कुठे आहे, हे पाहते. त्या दुकानातल्या माणसाला ‘तुम्ही स्वतः कुठे जेवता?’ असं विचारलं की इंटरनेटवरच्या ताऱ्यांपेक्षा खरं उत्तर मिळतं. मग तिथे दुपारी जा. ऑफिसातली माणसं एकेकटी बसून भात, सूप आणि माशाचा सेट मुकाट्याने संपवत असतील, तर जागा बरोबर आहे.

दुसरी खूण मेनूच्या लांबीत. जपानमध्ये सुशीचं दुकान वेगळं, सोबा नूडल्सचं वेगळं, तोन्कात्सुचं (डुकराच्या मांसाच्या तळलेल्या कटलेटचं) वेगळं, कोळशावर ईल मासा भाजणारं वेगळं. माणूस उभं आयुष्य एका पदार्थाला देतो. इझाकायामध्ये, म्हणजे जपानी पद्धतीच्या मद्यालयात, मात्र थोडं थोडं सगळं मिळणं रीतीचंच आहे, तिथे हा नियम लावू नका. पण सुशी, रामेन नूडल्स, तेप्पान्याकी (तव्यावर भाजलेले पदार्थ) आणि शेजारच्या दोन-तीन देशांचे पदार्थ एकाच जाड पुस्तकात असतील, तर सुशी सोडून काहीतरी गरम मागवा.

सुशीपलीकडचं जेवण पारखायचं तर दाशी चाखा. कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे शिजवून, धुरावून, वाळवून लाकडासारख्या कडक केलेल्या माशाचे पापुद्रे, यांचा हा अर्क बहुतेक जपानी स्वयंपाकाच्या मुळाशी असतो. याच कोम्बूतून १९०८ साली किकुनाए इकेदा यांनी ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी हे नाव दिलं. साधं मिसो सूप किंवा वाफवलेल्या अंड्याचा चावानमुशी मागवा. दाशी खरी असेल तर धुराचा हलका वास आधी येतो आणि मिठाची चव मागून.

शाकाहारी मंडळींनी दाशीचा वरचा परिच्छेद पुन्हा वाचावा. मिसो सूप, तेम्पुराची चटणी, सोबाचा रस्सा, तळलेला अगेदाशी तोफू, यांत मासा दिसत नाही पण दाशीतून असतो. इनारी सुशीचं तोफूचं आवरण आणि काम्प्यो, म्हणजे भोपळ्याच्या वाळवलेल्या पट्ट्याही पुष्कळदा त्यातच शिजवलेले असतात. काकडीचा रोल, म्हणजे कप्पा माकी, निर्धास्त घ्या. बाकीच्यासाठी कोम्बू आणि शिताके मशरूमची दाशी मिळेल का, हे आधीच विचारा. बौद्ध मठांच्या शाकाहारी स्वयंपाकात, शोजिन र्योरीत, ती रुळलेली आहे, त्यामुळे जाणत्या शेफला ही मागणी विचित्र वाटत नाही. गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी मात्र कच्चा मासा टाळावा, जागा कितीही चांगली असली तरी.

जायचं ठरलं की फोन करून काउंटरची खुर्ची मागा आणि मासा कुठल्या वारी येतो ते विचारा. पांढऱ्या माशापासून सुरुवात करा, चरबीचे मासे नंतर, रोल शेवटी. सोया सॉसमध्ये माशाची बाजू टेकवा, भाताची नको, तो सुटून पडतो. हाताने खाल्लं तर चालतं. सोबत दिलेलं मुरवलेलं आलं दोन घासांच्या मध्ये तोंड स्वच्छ करण्यासाठी आहे, निगिरीवर ठेवू नका. आणि शेफने पुढ्यात ठेवलेली निगिरी गप्पा थांबवून आधी खा.