बिअरही शिळी होते

गोव्याच्या बिअरबद्दल आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. तिकडे केवढ्याला मिळते, आणि परतताना इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर डिकी उघडायला लावली का. ती बनवतं कोण, बनवतात कशी, हे विचारणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही. म्हणून ही पोस्ट लिहिते आहे. यात समुद्रकिनारे नाहीत, चर्चेस नाहीत. बाकीचे पर्यटक सूर्यास्त बघत होते तेव्हा मी बार्देश तालुक्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या शेडमध्ये, गमबूट घालून उभी होते आणि तिथून निघायची मला अजिबात घाई नव्हती.

आत्याचं घर डिचोलीला. कोकणकन्येनं सकाळी थिवीला उतरले, आतेभाऊ घ्यायला आला होता. एप्रिल महिना, त्यामुळे घरी पोचेपर्यंत अंगावरचा कुर्ता पिळून काढावा इतका घाम. तो दिवस आत्याच्या हातचं जेवण आणि झोप यात गेला. त्याबद्दल एवढंच सांगते की मणगणं खाऊन दुपारी कुणीही गोवा बघायला बाहेर पडू नये.

आतेभाऊ स्टेनलेस स्टीलच्या टाक्या आणि पाइप जोडणाऱ्या एका कंपनीत कामाला आहे. फार्मा कंपन्या, डेअऱ्या आणि अलीकडे ब्रुअऱ्या, म्हणजे बिअरचे कारखाने, अशी त्याची गिऱ्हाइकं. त्यातल्याच एका छोट्या ब्रुअरीत त्याचा मित्र काम करतो. मुलगा दोडामार्गचा. सावंतवाडीला रसायनशास्त्रात बीएस्सी केलं, मग सिंधुदुर्गातल्या शेकडो मुलांसारखा गोव्यात औषधांच्या कारखान्यात लागला आणि तिथून बिअरकडे वळला. पुण्यात राहत असल्यामुळे क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या ब्रुअऱ्यांची बिअर, मला नवी नव्हती. डूलाली या पबनं 2009 साली पुण्यातच स्वतःची बिअर पाजायला सुरुवात केली, त्या पिढीतली मी. पण तिथे आपण ग्लासाच्या अलीकडे बसतो. पलीकडे जायला मिळालं ते इथे.

शेडमध्ये शिरल्या शिरल्या गरम मॉल्टचा वास आला. थेट हॉर्लिक्सचा. मी तसं म्हटलं तर तो मुलगा खूश झाला, कारण दोन्हीकडे माल एकच: मोड आणून वाळवलेला सातू. भरडलेला मॉल्ट पासष्ट-सदुसष्ट अंश तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवला होता. या तासात दाण्यातला स्टार्च फुटून साखर होते. तापमान चार अंश इकडेतिकडे झालं तर बिअरचा अंगभार बदलतो. कमी ठेवलं तर हलकी आणि कोरडी, वाढवलं तर जड आणि गोडसर. मग ते गोड पाणी गाळून घ्यायचं आणि तासभर खळखळून उकळायचं. हॉप्स, म्हणजे एका वेलीची फुलं, सुरुवातीला घातले तर कडूपणा देतात, शेवटी घातले तर सुगंध. त्यानं मुठीत हिरव्या गोळ्या घेऊन चुरडल्या आणि माझ्या नाकापुढे धरल्या. आंब्याची कोय, संत्र्याची साल आणि ओलं गवत, असं काहीतरी एकत्र. तो वास अजून माझ्या डोक्यात आहे.

मी विचारलं, यात गोव्याचं काय? सातू आपल्या देशात मुख्यतः राजस्थान आणि उत्तर प्रदेशातला, हॉप्स जर्मनी-अमेरिकेतून येणारे, साखरेचं मद्य करणाऱ्या यीस्टची पाकिटंही बाहेरची. प्रश्न थोडा टोचून विचारला होता. त्यानं नळाकडे बोट केलं.

"ह्यां पाणी आमच्याच तिळारीचां, ताई."

तिळारीचं धरण त्याच्या दोडामार्ग तालुक्यात. प्रकल्प महाराष्ट्र आणि गोव्याचा मिळून, पाणी कालव्यानं गोव्यात उतरतं, अस्नोड्याला शुद्ध होतं आणि बार्देशभर जातं. कालवा फुटला की यांच्या टाक्या कोरड्या पडतात आणि टँकर शोधावा लागतो. बिअर म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. नळाच्या पाण्यातला क्लोरिन आधी कोळशाच्या फिल्टरनं काढायचा, नाहीतर मॉल्टशी त्याची गाठ पडून बिअरला दवाखान्याचा वास येतो. मग जिप्समसारखे क्षार मोजून घालायचे. हॉप्स उठून दिसायला हवे असतील तर जिप्सम, मॉल्टचा गोलावा हवा असेल तर कॅल्शियम क्लोराइड. हे सगळं तो वहीत लिहीत होता, मराठीत, निळ्या पेनानं. संगणकात नोंद होतेच, पण वही त्याची स्वतःची. मला त्या वहीचं फार कौतुक वाटलं आणि ते मी त्याला तिथेच सांगितलं.

आणि सफाई! लोकांना वाटतं ब्रुअर दिवसभर चाखत बसतो. मी होते त्या वेळातला बहुतेक वेळ तो आणि त्याचे दोन सहकारी धुण्यातच गुंतलेले होते. टाकी रिकामी झाली की आधी कॉस्टिक सोडा, मग पाणी, मग आम्ल, मग जंतुनाशक. एक सांधा नीट धुतला गेला नाही तर पूर्ण घाणा आंबट होऊन गटारात. उरलेला चोथा संध्याकाळी जवळचा एक दूधवाला टेम्पोतून घेऊन गेला, त्याच्या म्हशींसाठी.

सगळ्यात जास्त झटावं लागतं ते थंडाव्यासाठी. एल जातीच्या बिअरचं यीस्ट साधारण अठरा ते बावीस अंशांत नीट काम करतं, लागरचं, म्हणजे नेहमीच्या साध्या बिअरचं, त्याहून बरंच खाली, आठ ते बारा अंशांत, आणि लागर नंतर आठवडेच्या आठवडे गार ठेवावी लागते. बाहेर पस्तीस अंश, दमट हवा, आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. टाक्यांच्या दुहेरी भिंतींमधून गार द्रव फिरत असतो आणि तो थांबू नये म्हणून जनरेटर. बिअर थंड मुलखात वाढली यात नवल नाही. ती इथे, या हवेत, अशी बनते याचं मात्र नवल आहे.

मग त्यानं टाकीच्या नमुन्याच्या नळातून अर्धा ग्लास भरून दिला. "आधी वास घ्या." धुकट, केशरट रंग. हॉप्सचा तोच वास, आता मऊ झालेला. एक घोट घेतला आणि मी गप्प झाले. कडूपणा येतो, पण तो जिभेवर बसून राहत नाही, धुऊन जातो, आणि मागे सातूची भाकरीसारखी चव उरते. इतकी जिवंत बिअर मी पुण्यातही प्यायलेली नाही.

असं काम करणारी ही एकच जागा नाही. 2018 च्या आसपास साळगावाला लागून असलेल्या सांगोल्ड्यात गोवा ब्रुइंग कंपनी सुरू झाली आणि तिनं आपल्या आयपीएला (इंडिया पेल एल, हॉप्स जास्त असलेली बिअर) 'एट फिंगर एडी' हे नाव दिलं. एडी हा हणजुण्यातला, म्हणजे अंजुनातला, जुना हिप्पी, तिथल्या फ्ली मार्केटचा एक जनक. बंगळुरात 2012 मध्ये ब्रुपब (स्वतःची बिअर बनवणारा पब) काढलेल्या आर्बरनं बाटलीबंद बिअरसाठी गोवाच निवडला. 'माका दी' करणाऱ्यांनी तर कंपनीच्या नावातच लाटंबार्से घेतलं, म्हणजे आत्याच्या डिचोली तालुक्यातलं, दोडामार्गच्या वेशीवरचं गाव. त्याआधी गोव्याची बिअर म्हणजे 'किंग्ज'ची छोटी बाटली आणि तळलेले बांगडे, एवढंच चित्र होतं. ते चित्रही मला प्रिय आहे. पण हे नवीन जे उभं राहतं आहे त्याचा मला अभिमान वाटतो, आणि त्यात आपल्या कोकणातल्या मुलांचे हात आहेत याचा जास्तच.

दुसऱ्या दिवशी कळंगुट. गर्दीबद्दल काही लिहीत नाही, ती सगळ्यांना माहीत आहे. मुख्य रस्त्यावरच्या, बसायला टेबलं असलेल्या एका दुकानात तीच बिअर दिसली, त्या मुलाच्या ब्रुअरीची. खोकी दुकानाच्या तोंडाशी, दुपारच्या उन्हात रचून ठेवलेली. थंड मागितली तर दुकानदारानं त्याच खोक्यातून एक कॅन काढला आणि बर्फाच्या पेटीत टाकला, दहा मिनिटं थांबा म्हणाला. मी म्हटलं, ही बिअर पाश्चराइज केलेली नसते, कॅनवर गार ठेवा असं लिहिलंय, उन्हात का ठेवता?

"मॅडम, बिअर है, दूध थोडी है."

साध्या लागरच्या दुपटीहून जास्त पैसे मोजून मी तो कॅन घेतला. चव ओल्या पुठ्ठ्याची. आंब्याची कोय नाही, संत्र्याची साल नाही, नुसता मंद गोडपणा आणि घशाला चिकटणारा कडूपणा. उष्णतेत बिअर ऑक्सिजनमुळे लवकर बिघडते (ऑक्सिडाइज होते), तिची ही खूण. बाटली असती तर उन्हानं आणखी एक खोड काढली असती, कारण उजेडानं हॉप्समधली द्रव्यं मोडून कुजकट वास येतो. तपकिरी काच तो उजेड बराचसा अडवते, हिरवी जवळपास नाही. मला राग आला तो पैशांमुळे नाही. ती निळ्या पेनाची वही, ते कॉस्टिक, तो जनरेटर, सगळं त्या उन्हातल्या खोक्यात वाया गेलेलं होतं. आणि शेजारच्या टेबलावर हीच बिअर पहिल्यांदा पिणारं जोडपं "क्राफ्ट क्राफ्ट म्हणतात ते हेच का?" असं म्हणत ग्लास अर्धा ठेवून उठलं. ती माणसं आता परत मागवणार नाहीत.

संध्याकाळी डिचोलीला परत आले तेव्हा आतोबांनी सत्तरी तालुक्यातल्या एका भट्टीवरून हुर्राक आणला होता. काजूची बोंडं मळून काढलेल्या रसाचं पहिल्या धारेचं पेय, मार्च ते मे एवढंच. लिम्का, मीठ, चिरलेली हिरवी मिरची. आत्या आणि मी एकेक, आतोबांनी दोन. त्यांना दुकानाचा प्रसंग सांगितला. आतोबा निवृत्त शिक्षक, घोट घेतल्याशिवाय उत्तर देत नाहीत. म्हणाले, "अगो, हुर्राक पावसाआधी संपवायचा हे इथल्या पोरालाही कळतं. डिसेंबरात कोण मागतो तो? ही तुझी बिअर तसलीच ना?"

अगदी तसलीच. फेणी टिकते, मुरते. काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, 2016 मध्ये राज्यानं तिला वारसा पेयाचा मान दिला. तिच्याबद्दल गोव्यात सगळ्यांना बोलता येतं. हुर्राकला असं काहीच मिळालेलं नाही, तरी तो कसा सांभाळायचा हे घराघरात माहीत आहे. ताज्या पेयाची समज या मातीत आधीपासून आहे. ती फक्त किनाऱ्यावरच्या दुकानांपर्यंत पोचलेली नाही, कारण तिथली गिऱ्हाइकं दर आठवड्याला बदलतात.

रात्री दोडामार्गच्या त्या मुलाला फोन केला. मला वाटलं तो चिडेल. तो चिडला नाही, त्यानं कारण सांगितलं. दुकानातला काचेचा मोठा फ्रिज बहुतेक वेळा मोठ्या बिअर कंपनीनंच दिलेला असतो, त्यात दुसऱ्याचा माल ठेवलेला तिला चालत नाही. "फ्रिज त्यांचो, जागा त्यांची. आम्ही खोक्यातच." छोट्या ब्रुअरीला शेकडो दुकानांत फ्रिज देणं परवडत नाही, गार गाडी परवडली तरी गाडीतून उतरल्यावर पुढे काय? हे ऐकल्यावर दुकानदारावरचा माझा राग निम्मा झाला. उरलेला निम्मा मात्र तसाच आहे, कारण सावलीत ठेवायला फ्रिज लागत नाही.

त्या मुलानं मला काही गोष्टी शिकवल्या त्या सांगते. कॅनच्या तळाशी भरल्याची तारीख असते, ती वाचा. हॉप्स जास्त असलेली आयपीए असेल तर दोन-तीन महिन्यांच्या पुढची घेऊच नका, तिचा सुगंध सगळ्यात आधी जातो. शक्य असेल तिथे कॅनपेक्षा नळाची बिअर मागा. आणि घरी आणायच्या भानगडीत पडू नका. परवान्याचा प्रश्न वेगळाच, पण बारा तास गाडीच्या डिकीत तापून आलेली बिअर ही ती बिअर उरत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आतेभावानं डिचोली बाजारातल्या एका छोट्या बारमध्ये नेलं. चार टेबलं, भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर, कोपऱ्यात मालकानं स्वतःच्या पैशानं घेतलेला जुना घरगुती फ्रिज, आणि त्यात फक्त गोव्याच्या छोट्या ब्रुअऱ्यांचे कॅन. मागवला तेव्हा त्यानं कॅन उलटा करून तारीख मला दाखवली, मग उघडला. टाकीवरच्या ग्लासाइतकी नव्हती, पण आंब्याची कोय होती. म्हापसा, पणजी, मडगाव बाजूला असं दुसरं ठिकाण कुणाला माहीत असेल तर मला नक्की कळवा, दोडामार्गचा तो मुलगाही अशा जागा शोधतो आहे.